एक नंबरच्या टाकीचा तळ

दादाच्या हिशेबाने त्याला चार टन तेल मिळणार होतं. साबणाच्या एका वडीत पाऊणशे ग्रॅम तेल जातं, म्हणजे त्रेपन्न हजार वड्या आणि वर थोडी चिल्लर. हा आकडा त्याने जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला काढला, तीनदा तपासला आणि मग कागदाचे तुकडे करून दोन वेगवेगळ्या टोपल्यांत टाकले. आपल्या टोपल्या कोणी तरी धुंडाळणार, इतके आपण मोठे आहोत, असं दादाला लहानपणापासून वाटत आलं होतं. आता तो पन्नाशीला टेकला होता आणि टोपल्या अजून कोणी धुंडाळल्या नव्हत्या.

या चार टनांसाठी त्याने केलं काय? एक चाक उजवीकडे फिरवायला सांगितलं. स्वतः फिरवलंसुद्धा नाही.

साबणाचा कारखाना वडिलांनी उभारला होता. दोन मुलगे झाले, आणि दोघांपैकी एकालाही तेलाचा वास सहन होत नसे, पण तेलाचा भाव मात्र दोघांना पाठ होता. वडील गेले आणि तेराव्या दिवसाच्या आत वाटणीची बोलणी सुरू झाली. यंत्रं वाटली गेली, गोदामं वाटली गेली, टेम्पो वाटले गेले, वडिलांच्या खोलीतला फिरता पंखा कोणाचा यावर दोन दिवस गेले. साबणाची छाप तेवढी दोघांत सामायिक राहिली, कारण छाप अर्धी कापता येत नाही आणि गिऱ्हाईक तिच्यावरच येतं. शेवटी उरल्या मागच्या अंगणातल्या दोन टाक्या. एक नंबर दादाची, दोन नंबर बाळची.

बाळ म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. वय बेचाळीस, डोक्यावर टक्कल, तरी बाळच. त्याला बाळ म्हणणं सोडून द्यावं असं त्याने कधीच काही केलं नव्हतं.

वहीप्रमाणे दोन्ही टाक्यांत सारखंच तेल होतं, अठ्ठ्याण्णव टनांच्या आसपास. पण वहीवर दोघांचा विश्वास नव्हता, कारण दोघांनीही त्या वहीत कधी ना कधी लिहिलं होतं. म्हणून मामांना मध्ये घातलं. आईच्या माघारी मामाच काय ते वडीलधारे. मध्यस्थी करायला मिळाली की मामांची भूक वाढायची. ते दुपारी दादाकडे जेवत, संध्याकाळी बाळकडे, आणि दोन्हीकडे म्हणत, "माझं मन तुझ्याच बाजूने आहे, पण न्याय म्हणजे न्याय."

मामांचा न्याय असा होता. बाहेरचा माणूस आणून दोन्ही टाक्या मोजायच्या. ज्याच्या टाकीत जास्त निघेल त्याने फरकाचा अर्धा भाग दुसऱ्याच्या टाकीत पंपाने सोडायचा. तोवर कारखाना बंद. टाक्यांच्या सगळ्या तोट्यांना मामांनी स्वतःच्या हाताने शिशाची सीलं ठोकली आणि कागदावर एक कलम लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. मोजणीपर्यंत टाकीत कमीजास्त होईल असं काहीही कोणी केलं, तर साबणाची छाप कायमची दुसऱ्याची.

तोट्या सील झाल्या. वाफेच्या चाकाला मात्र कोणी सील लावलं नाही. ते बॉयलरच्या खोलीत होतं, आणि मामांना तिथल्या गरमीने चक्कर येत असे.

वाफेचं काय काम, ते सांगितलं पाहिजे. हे तेल थंडीत थिजतं. म्हणून टाकीच्या तळाशी लोखंडी नळीची वेटोळी असतात, त्यांतून वाफ फिरते आणि तेल पातळ राहतं. वाफ बंद केली की आधी तळाचं तेल घट्ट होतं. पातळ भाग वर राहतो, खाली बसतो तो मेणासारखा थर, आणि चारआठ दिवसांत त्याचा दगड होतो.

आता माप कसं घेत, ते. टाकीवाला शिडीने वर चढायचा, झाकण उघडायचा आणि पोलादी फीत खाली सोडायचा. फितीच्या टोकाला पितळी ओळंबा. तो तळाला टेकला की हाताला कळतं. मग फीत वर ओढायची आणि तेलाने ती कुठवर ओली झाली ते वाचायचं. एका सेंटिमीटरला जवळजवळ पावणेदोनशे किलो तेल. एकतीस वर्षं असंच चाललं होतं. काही वर्षांपूर्वी बॉयलर आठवडाभर बंद पडला, तेव्हा टाकीवाला वडिलांना म्हणाला होता, "ओळंबा मध्येच घट्ट तेलावर बसतो, माप कमी दाखवतं." वडिलांनी त्यावर बॉयलरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. दादा तेव्हा दारात उभा होता. बापाच्या साठ वर्षांच्या धंद्यातून त्याने काय उचललं असेल तर हे एक वाक्य.

सील लागल्यावर सव्वीस दिवसांनी तो बॉयलरच्या खोलीत गेला. नाकाला रुमाल.

"एक नंबरची वाफ बंद कर," तो म्हणाला.

बॉयलरवाला चहा पीत होता. तो उठला नाही. "का हो दादा? थंडी पडलीय. थिजेल."

"कारखाना बंद आहे. जळण कशाला फुकट घालवायचं?"

"बरोबर आहे. मग दोन नंबरचीही बंद करतो."

"दोन नंबर बाळची आहे. त्याचं त्याला बघू दे."

"म्हणजे तुमचं जळण तेवढं वाचवायचं."

"तुला सांगितलं तेवढं कर."

बॉयलरवाल्याने चहा संपवला, चाक फिरवलं आणि भिंतीवर टांगलेली वही काढली. त्यात तारीख, वेळ आणि 'एक नंबर बंद, दादांच्या सांगण्यावरून' असं लिहिलं.

"हे लिहायची काय गरज?" दादाने विचारलं.

"सवय आहे. उद्या कोणी विचारलं तर माझ्या अंगावर नको."

दादाने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू आताच्या आता नोकरीवरून काढतो. पण काढलं असतं तर बॉयलरवाला वही घेऊन थेट बाळकडे गेला असता. तेव्हा दादा रुमालातच हसला आणि म्हणाला, "लिही बाबा, लिही. शिस्त चांगली."

घरी वहिनीला त्याने संध्याकाळी सगळं सांगितलं. वहिनी म्हणजे दादाची बायको, पण बाळमुळे अख्खा कारखाना तिला वहिनी म्हणे. ती भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आपली टाकी भरलेली, पण दिसणार कमी," ती म्हणाली.

"हां."

"आणि भाऊजींनी आपल्याला भरपाई द्यायची."

"न्याय म्हणजे न्याय."

"मामांसारखं बोलू नका, अंगावर काटा येतो. मला एवढंच सांगा, मोजायला येणारा माणूस मूर्ख असणार, हे कोणी ठरवलं?"

"मापं घेणारी माणसं गं. फीत सोडतात, फीत काढतात. त्यात डोकं कुठे लागतं?"

वहिनीने देठं एका बाजूला केली आणि पुढे काही विचारलं नाही. नवऱ्याच्या बुद्धीवर तिचा भरवसा नव्हता, पण चार टन तेलावर होता. तेवढ्यापुरती ती गप्प बसली.

मोजणीच्या आदल्या दिवशी दादाने टाकीवाल्याला गुपचूप एक नंबरवर चढवलं. झाकणाला सील नव्हतंच. टाकीवाल्याचं इथे थोडं वर्णन करायला हवं. साठीला आलेला, बारीक, कोणाच्याही समोर अर्धवट वाकून उभा राहणारा. वाटणी सुरू झाल्यापासून त्याने दादाला सांगितलं होतं, "मी तुमचाच माणूस." बाळलाही सांगितलं होतं, "मी तुमचाच माणूस." मामांनाही बहुधा सांगितलं असावं. दोन मालक होणार, पण टाकीवाला एकच लागणार, हे त्याला दिसत होतं. त्यामुळे कुठल्या तरी एका टाकीखाली आपली खुर्ची राहावी, एवढीच त्याची धडपड.

तो खाली उतरला. "पाच मीटर तेरा, दादा. ओळंबा ऐंशी सेंटिमीटर वरच अडकतोय."

दादाने मनात गुणाकार केला. नव्वद टन. बाळचे अठ्ठ्याण्णव. फरक आठ, अर्धे चार. आकडा जुळला तसा तो टाकीवाल्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "छान."

"पण दादा, एक सांगायचं राहिलं. खाली पाणी आहे."

"कसलं पाणी?"

"एक नंबरची वाफेची नळी गळते. सगळ्यांना ठाऊक आहे. मोठे मालक होते तेव्हा मी रोज सकाळी तळाच्या तोटीतून दीड पिंप पाणी काढायचो. सील ठोकलं त्या दिवसापासून काढलेलं नाही. वाफ पुढे सव्वीस दिवस चालू होती. म्हणजे एकोणचाळीस पिंपं. दोन विती तरी पाणी असेल तळाला, त्याच्यावर थिजलेला थर."

"उद्या सील उघडल्यावर काढता येईल की."

"नाही येणार. पाणी काढताना तेल यायला लागलं की तोटी बंद करतो ना आपण. म्हणजे तोटीच्या नळीत तेलच राहतं. ते आता थिजून बसलंय. हातोडा मारला तरी निघायचं नाही."

दादाने विचार केला. त्याचा विचार करताना चेहरा असा व्हायचा की पाहणाऱ्याला वाटावं, याला ढेकर अडकलाय. पाणी थराच्या खाली. ओळंबा थराच्या वर. म्हणजे थराखाली पाणी असो, तेल असो की सोनं असो, मोजलं जाणारच नव्हतं.

"मग आपल्याला काय त्याचं?" तो म्हणाला. "तू उद्या तोंड उघडू नकोस. माझा माणूस आहेस ना?"

"तुमचाच की."

मोजायला बाई आली. पंचावन्नच्या आसपास, जाड बूट, एका गुडघ्यावर पट्टा, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. दादाने आधी तिच्यामागे पाहिलं, मागून कोणी साहेब येतोय का म्हणून. कोणी आलं नाही.

बाळ डोक्यावर नवं पिवळं हेल्मेट घालून आला होता. त्याला उंचीची भीती वाटायची, त्यामुळे तो टाकीवर चढणार नव्हताच. तरी हेल्मेट. त्याने बाईंच्या हातात बारा वड्यांचं खोकं ठेवलं. बाईंनी ते शिडीच्या पायरीवर ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत तिकडे पाहिलं नाही.

"आधी दोन नंबर," बाई म्हणाल्या. "तळाचं सील उघडा. पाणी काढून घेऊ."

बाळच्या टाकीची नळी शाबूत होती आणि सील लागल्यापासून वाफ अडतीस दिवस भरपूर चालू होती. तोटीतून दोन बादल्या पाणी आलं आणि मग स्वच्छ तेल. बाई गुडघा सांभाळत वर चढल्या. ओळंब्याला त्यांनी कसलासा लेप लावला, जो पाण्यात लाल होतो. फीत सोडली, वाचली, पुन्हा सोडली, पुन्हा वाचली. मग तापमान. खाली येऊन म्हणाल्या, "पाच चौसष्ट. अठ्ठेचाळीस अंश. पाणी नाही."

बाळने खुशीत मामांकडे पाहिलं. त्याला वाटत होतं की ज्याची टाकी जास्त भरेल तो जिंकला, म्हणून त्याने वाफ इतकी ठेवली होती की तेल फुगून वर यावं. कलमावर सही करताना त्याने कलम वाचलं नव्हतं.

एक नंबरच्या तळाच्या तोटीचं सील उघडलं. काही आलं नाही. एक थेंबही नाही.

"बघा, पाणी नाहीच," दादा म्हणाला.

बाईंनी तोटीच्या तोंडात बोट घातलं, नखाने पांढरा मेणचट गोळा खरवडला आणि बोट पिशवीतल्या चिंधीला पुसलं. मग वर चढल्या. त्यांच्यामागे टाकीवाला चढला, आणि आज साक्षीला हवं म्हणून दादाही चढला. वडिलांच्या हयातीत तो कधी इतका वर आला नव्हता. अंगण केवढं लहान दिसतं आणि मामांचं टक्कल केवढं मोठं, हे त्याला आज कळलं.

फीत सरसर खाली गेली आणि थांबली. बाईंनी ती जरा उचलून पुन्हा टेकवली. मग झाकणाच्या कडेला बसवलेल्या पितळी पट्टीवरून अंगठा फिरवून तिथला आकडा वाचला.

"या टाकीची काठापासून तळापर्यंतची उंची सात तीस आहे. माझी फीत साडेसहाला थांबली. ऐंशी सेंटिमीटरचा तळ कुठे गेला?"

दादाला त्या पट्टीवर काय कोरलंय हे आजवर ठाऊक नव्हतं. "जुनी टाकी आहे," तो म्हणाला. "गाळ असेल."

"ऐंशी सेंटिमीटर गाळ? साबण करता की विटा?" बाई म्हणाल्या. टाकीवाल्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घालवलं. "तेल थिजलंय तुमचं. काही हरकत नाही. तळ लागत नसला की आम्ही वरून मोजतो."

"वरून म्हणजे?"

"काठापासून तेलापर्यंत रिकामं किती आहे ते मोजायचं. एकूण उंचीतून वजा केलं की भरलेलं किती ते आलं. खाली काय अडलंय त्याने फरक पडत नाही."

फीत पुन्हा सोडली गेली, या वेळी ओळंबा फक्त तेलात बुडेल इतकीच. दादा त्या फितीकडे पाहत होता. चार टन तिच्याबरोबर खाली चालले होते. बाईंनी वाचलं. "रिकामं एक सदतीस. म्हणजे भरलेलं पाच त्र्याण्णव. तापमान सत्तावीस."

खाली उतरल्या, पुस्तकातला तक्ता काढला आणि टाकीच्या सावलीत स्टुलावर बसून हिशेब मांडला. गरम तेल फुगतं, थंड तेल आवळतं, तेव्हा थंड तेलाचं एक सेंटिमीटर वजनाला जास्त भरतं. तेही धरलं. "दोन नंबर सत्त्याण्णव टन आठशे. एक नंबर एकशे चार टन सहाशे."

बाळचा चेहरा पडला. "दादाचं जास्त?"

"अरे येड्या," मामा म्हणाले, "त्याचं जास्त म्हणजे त्याने तुला द्यायचं. फरक सहा टन आठशे. अर्धे तीन टन चारशे."

बाळने हेल्मेट काढलं, डोकं पुसलं, हेल्मेट पुन्हा घातलं. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

दादा अजून शिडीच्या खालच्या पायरीवर उभा होता. जास्तीचे सात टन म्हणजे तळाचं पाणी होतं. तेल म्हणून मोजलं गेलेलं, तेल म्हणून वाटलं जाणारं पाणी. त्याच्याइतकंच ते टाकीवाल्याला ठाऊक होतं, आणि टाकीवाला आपल्या चपलेकडे पाहत होता.

बाईंनी छापील कागद पुढे केला. "एक रकाना राहिलाय. तळाला पाणी. मला ते तपासता आलं नाही, लेप तळापर्यंत गेलाच नाही. तेव्हा दोन मार्ग. टाकी चारपाच दिवस गरम करा, मी परत येते, पाणी काढू, पुन्हा मोजू. नाहीतर मालकाने लिहून द्यायचं की पाणी नाही, मग आजचं माप पक्कं."

"मॅडम, पाणी असलं तर?" बाळने विचारलं. त्याने अडतीस दिवसांत विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न, तोही त्याच्याच विरुद्ध.

"असलं तर वजा होईल. त्यांच्या फायद्याचं आहे. म्हणून तर विचारतेय."

सगळे दादाकडे पाहू लागले. खरं म्हणजे एवढंच म्हणायचं होतं, गरम करू. पाच दिवस थांबलं असतं तर दोन्ही टाक्या जवळजवळ सारख्या निघाल्या असत्या आणि कोणी कोणाला काही देणं लागलं नसतं. दादाने त्यासाठी तोंड उघडलंही.

"मला वाटतं, गरम करून..."

"गरम करायचं म्हणजे थंड झालं कसं ते आधी बघावं लागेल," मामा म्हणाले. त्यांना दुपारचं जेवण दिसत होतं, पण न्यायाची खुमखुमीही होती. "बाळ, तुझं तेल पातळ आणि याचं दगड. एकाच बॉयलरची वाफ. असं कसं?"

"माझ्या टाकीला वाफेची नळी लांब पडते," दादा म्हणाला.

"दोन नंबर तर लांब आहे," बाळ म्हणाला. "एक नंबर बॉयलरला चिकटून आहे, दादा."

"बॉयलरची वही असते ना रे?" मामांनी टाकीवाल्याला विचारलं. "ती घेऊन ये. वाफ कधी बंद पडली, कोणामुळे पडली, सगळं कळेल. कागदावरचं कलम आहे माझ्या लक्षात. छापेचं."

टाकीवाला अर्धवट वळला. दादाला एका क्षणात सगळं दिसलं. ती वही, त्यातलं ते वाक्य, बॉयलरवाल्याचं गोल अक्षर, आणि बाळच्या गोदामातून बाहेर पडणाऱ्या पेट्यांवर वडिलांची छाप. तीन टन चारशे किलो एका बाजूला, छाप दुसऱ्या बाजूला. या वेळी कॅलेंडर लागलं नाही.

"वहीची काय गरज?" तो म्हणाला. "पाणी नाहीच आहे. द्या मॅडम, लिहून देतो."

"दादा, लिहायच्या आधी..." टाकीवाला म्हणाला.

"तू गप."

टाकीवाला गप झाला. त्याने तोंड उघडलं होतं ते दादासाठी, आणि मिटलं तेही दादासाठीच, असं तो पुढे सांगत असे. बाईंनी पेन हातात धरून ठेवलं होतं. "पाणी नाही म्हणता, पण तुमची नळी गळते का? अशा जुन्या टाक्यांत..."

"मॅडम, माझी टाकी मला माहीत आहे."

"बरं." त्यांनी पेन दिलं. हे वाक्य त्यांनी बहुधा बऱ्याच टाक्यांखाली ऐकलं असावं, कारण त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. दादाने लिहिलं, 'तळाला पाणी नाही', आणि खाली सही केली. शेपूट असलेली, दोन रेघांची, सावकारी थाटाची सही. मामांनी साक्षीदार म्हणून केली. बाळने या वेळी कागद वाचून केली, आणि वाचता येतं हे सगळ्यांना दिसावं म्हणून ओठ हलवून वाचला.

दुपारी पंप लागला. एक नंबरचं वरचं, पातळ, सोनेरी तेल दोन नंबरमध्ये पडत राहिलं. बाळ पंपाशेजारी खुर्ची टाकून बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "नुसतं थंड डोकं लागतं. मी काही बोललोच नाही, दादाच घसरला." यात खोटं इतकंच होतं की त्याला काही बोलायचं सुचलं नव्हतं.

जेवताना मामा दादाला म्हणाले, "माझं मन तुझ्याच बाजूने होतं रे."

वहिनीने त्यांना वाढलं. दादाला वाढताना म्हणाली, "डोकं कुठे लागतं, म्हणत होतात ना त्यात?" तेवढंच. चार टन गेल्याचं तिला जितकं लागलं होतं, त्याहून जास्त हे लागलं होतं की तिने विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि तरी ती गप्प बसली होती.

दुसऱ्या दिवशी दादाने एक नंबरची वाफ सोडली. सहा दिवस लागले थर वितळायला, आणि नळी गळकीच असल्याने सहा दिवस ती आणखी पाणी ओतत राहिली. सातव्या दिवशी तळाची तोटी फटकन मोकळी झाली. टाकीवाला पिंपं भरत गेला आणि खडूने भिंतीवर रेघा मारत गेला. अठ्ठेचाळीस. एकोणचाळीस जुनी, नऊ नवी. दादा प्रत्येक पिंपाकडे असा पाहत होता की जणू ते त्याचा अपमान करण्यासाठीच भरलं जातंय.

शेवटचं पिंप भरल्यावर तो टाकीवाल्याकडे वळला. "तुला ठाऊक होतं."

"मी सांगितलं होतं दादा, आदल्या दिवशी."

"आदल्या दिवशी सांगितलंस. त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही बोललास?"

"बोलत होतो. तुम्ही गप म्हणालात."

"मी गप म्हटलं म्हणून गप बसणारा माणूस मला काय कामाचा?"

हे वाक्य म्हणताना दादाला स्वतःच्या न्यायीपणाचं कौतुक वाटलं. बाळला तेल देऊन बसल्यापासून राग काढायला जागा मिळत नव्हती. ती मिळाली. महिनाअखेर हिशेब घे, म्हणाला.

टाकीवाला सरळ बाळकडे गेला. बाळ वडिलांच्या फिरत्या पंख्यासमोर बसला होता. पंखा शेवटी त्याच्याकडेच गेला होता.

"तुमच्या टाकीला माणूस लागेल ना?" टाकीवाला म्हणाला. "मी तर पहिल्यापासून तुमचाच."

"माझा?" बाळने पंखा स्वतःकडे वळवला. "दादाच्या टाकीत पाणी आहे हे तुला ठाऊक होतं. तू त्याला वाचवायला निघाला होतास, मी ऐकलं ना. 'दादा, लिहायच्या आधी.' वाचला असता तर माझे तीन टन गेले असते. तू तर दादाचा माणूस."

टाकीवाला चपला सरकवून निघाला. एकतीस वर्षांत कधी गप बसायचं हे त्याला नीट कळत आलं होतं. नेमकं ज्या दोन वेळा चुकलं, त्यात एकदा तो बोलला आणि एकदा गप बसला.

दोन नंबरचं माप आता बाळच घेतो, शिडीच्या चौथ्या पायरीवरून. टाकीवर टकटक करतो आणि कुठवर भरलंय ते आवाजावरून सांगतो. एक नंबरचं कोणीच घेत नाही. नळी अजून गळते.

तर हिशेब असा. बाळ, तीन टन चारशे किलो जमा, अक्कल खर्च शून्य. मामा, अडतीस दुपारची आणि अडतीस संध्याकाळची जेवणं जमा. बाई, मोजणीची फी, दोघांकडून निम्मी निम्मी, आणि साबणाचं खोकं शिडीवर परत. बॉयलरवाला, जिथल्या तिथे, वहीसकट. दादा, बारा दिवसांचं जळण जमा, सहा दिवसांचं दुप्पट जळण खर्च, तीन टन चारशे किलो तेल खर्च. त्यात ते तेल त्याने पहिल्याच महिन्यात वडीमागे पाऊणशे ग्रॅमच्या जागी एकाहत्तर ग्रॅम घालून भरून काढायला सुरुवात केली, म्हणजे ते गिऱ्हाइकाने भरलं. टाकीवाला, एकतीस वर्षं खर्च. जमेच्या बाजूला काही नाही.